नवं डेंटल कॉलेज, पहिलीच बॅच: बीडीएसच्या पसंतीक्रमात टाकावं का?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी. भाचीसाठी विचारतोय. नीटचे गुण आणि राज्याची गुणवत्ता यादी पाहता मुंबई, नागपूर, संभाजीनगरची सरकारी डेंटल कॉलेजं हाताबाहेर आहेत. खासगी कॉलेजात बीडीएस (दंतवैद्यकाची पदवी) मिळेल असं दिसतं. कॅपच्या (राज्याच्या सामाईक प्रवेश प्रक्रियेच्या) पहिल्या फेरीनंतर ती चालवणाऱ्या सीईटी सेलच्या नोटिशीत एक नवीन खासगी कॉलेज आलंय, ५० जागांचं, यंदा पहिलीच बॅच. घरापासून दीड तासावर. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण माझे प्रश्न कुठल्याही नव्या कॉलेजला लागू आहेत.

१) पहिल्या बॅचची पदवी नंतर 'अमान्य' ठरू शकते का?
२) पाहायला गेलो तर नेमकं काय पाहायचं? इमारत चकचकीत आहे, पण त्यावरून मला काही कळत नाही.
३) पहिलं वर्ष तिथे काढून दुसऱ्या वर्षाला जुन्या कॉलेजात बदली घेता येते, असं एका क्लासवाल्याने सांगितलं. खरं का?
४) भाची ओबीसी, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. फी माफीत नव्या कॉलेजमुळे काही अडचण?

पसंतीक्रम भरायला तीनच दिवस आहेत. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

---

मोलर३६

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्यावर विसंबून लोक प्रवेश घेतात आणि फसतात. उत्तर: नाही. २००७ च्या बीडीएस नियमावलीत बदली हा विद्यार्थ्याचा हक्कच नाही. अगदी अपवादात्मक, सहानुभूतीच्या कारणांसाठी भारतीय दंत परिषद (दंतशिक्षणाची नियामक संस्था) विचार करते, आणि त्यातली एक अट अशी की विद्यार्थी जिथे शिकतोय ते आणि जिथे जायचंय ते, दोन्ही कॉलेजं *मान्यताप्राप्त* असली पाहिजेत. नवं कॉलेज पहिली बॅच बाहेर पडेपर्यंत मान्यताप्राप्त नसतं, फक्त परवानगीवर चालतं. म्हणजे ज्या मुलांना बदली हवी असते नेमक्या त्याच मुलांना ती मिळत नाही. तिथे प्रवेश घ्यायचा तर पाच वर्षं तिथेच, असं धरून घ्या.

आता पहिला प्रश्न. 'परवानगी' आणि 'मान्यता' हे दोन शब्द वेगळे ठेवले की निम्मा गोंधळ मिटतो.

परवानगी दंतवैद्यक कायदा, १९४८ च्या कलम १०-अ खाली मिळते. संस्थेने आधी राज्य सरकारचं आवश्यकता प्रमाणपत्र आणि विद्यापीठाची संलग्नतेला संमती आणायची, मग दंत परिषदेची तपासणी, मग केंद्राचं इरादापत्र, आणि शेवटी परवानगीपत्र, ज्याला सगळे एलओपी म्हणतात. ही एलओपी एका वर्षाची असते. पुढच्या बॅचसाठी दरवर्षी पुन्हा तपासणी, पुन्हा नूतनीकरण.

मान्यता कलम १०(२) खालची. पहिली बॅच अंतिम वर्षाच्या परीक्षेला बसते तेव्हा परिषदेचे निरीक्षक परीक्षेचा दर्जा आणि कॉलेज दोन्ही पाहतात. त्यानंतर केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून कायद्याच्या अनुसूचीत नोंद घालतं. ही नोंद नुसती विद्यापीठाच्या नावाने नसते. त्या विद्यापीठाच्या *अमुक कॉलेजच्या* विद्यार्थ्यांना दिलेली पदवी, अशी असते. सोबत 'अमुक तारखेला किंवा त्यानंतर दिलेली' असे शब्द असतात. पहिल्या बॅचची पदवी त्या तारखेच्या आत येते ना, एवढं पुढे पाहायचं.

तेव्हा एलओपी असताना कॅपमधून घेतलेला प्रवेश 'बेकायदा' नसतो. एखाद्या वर्षी नूतनीकरण नाकारलं गेलं तर त्या वर्षीची *नवी* बॅच बंद होते, आधीच्या बॅचचं शिक्षण चालू राहतं. पदवी रद्दी होईल ही भीती खरी नाही. पण खालचे वर्ग रिकामे असलेल्या कॉलेजचं उत्पन्न आटतं आणि मग शिक्षक टिकत नाहीत. झळ तिथून लागते.

तपासायचं काय? दंत परिषदेच्या संकेतस्थळावर कॉलेजांची यादी असते, त्यात नाव, जागा आणि परवानगीचं वर्ष पाहा. तेच नाव नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत आहे का, आणि सीईटी सेलच्या जागांच्या तक्त्यात तेवढ्याच जागा आहेत का, तेही पाहा. तिन्ही ठिकाणी नाव आणि आकडा जुळला की कागदाचा भाग संपला. अर्ध्या तासाचं काम आहे. एका ठिकाणी जरी 'प्रस्तावित' किंवा 'प्रक्रियेत' असेल तर थांबा.

---

दाढदुखी

मोलर३६ यांनी कायद्याचं नेमकं सांगितलं, पण नव्या कॉलेजमधली मुलं प्रत्यक्षात अडकतात ती कॅलेंडरमध्ये. यावर कुणी बोलत नाही म्हणून जरा विस्ताराने.

नव्या कॉलेजची एलओपी बऱ्याचदा उशिरा येते. म्हणून ते पहिल्या फेरीत नसतं, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत येतं. जागा भरायला शेवटची फेरी उजाडते. नियमावलीप्रमाणे एका शैक्षणिक वर्षात किमान २४० अध्यापन दिवस हवेत आणि हजेरी थिअरीला ७५ टक्के, प्रॅक्टिकललाही ७५ टक्के. वर्ग उशिरा सुरू झाला की एकतर रविवारी आणि सुट्टीत तास घेऊन दिवस भरतात, नाहीतर परीक्षा पुढे जाते.

एकदा सहा महिन्यांनी मागे पडलं की ती 'ऑड बॅच' होते, आणि ते अंतर पुढे क्वचितच भरून निघतं. चार वर्षं अभ्यासक्रम, मग एक वर्ष इंटर्नशिप. नीट एमडीएसला (दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेला) बसायचं तर इंटर्नशिप ठरावीक तारखेपर्यंत पूर्ण व्हावी लागते. २०२४ ला ही तारीख आधी ३१ मार्च होती, नंतर ३० जूनपर्यंत वाढवली. पण दरवर्षी वाढवतीलच असं नाही. ज्याची इंटर्नशिप कटऑफनंतर दोन आठवड्यांनी संपते त्याचं आख्खं वर्ष जातं. एमडीएस करायचंच असं मुलीच्या मनात असेल तर कॉलेजला पहिला प्रश्न इमारतीचा नको. हा विचारा: "पहिल्या वर्षाचे तास कोणत्या तारखेला सुरू होणार, आणि विद्यापीठाच्या कोणत्या परीक्षेला ही बॅच बसणार, उन्हाळी की हिवाळी?" उत्तर देताना ऑफिसातला माणूस डीनकडे बघायला लागला तर समजून जा.

आणखी एक. एमडीएसचे अभ्यासक्रम बीडीएसला मान्यता मिळाल्यावरच सुरू करता येतात. म्हणजे पहिली चार-पाच वर्षं तिथे पीजी (पदव्युत्तर) विद्यार्थी नाहीत, इंटर्न नाहीत, सीनियर नाहीत. याच्या दोन बाजू आहेत. चांगली अशी की अवघड आरसीटी (रूट कॅनाल), अक्कलदाढेची शस्त्रक्रिया पीजींकडे पळत नाही, यूजीला (बीडीएसच्या मुलांना) बघायला आणि हात लावायला मिळतं. वाईट अशी की चुकलेलं काम शेजारच्या चेअरवरून बघून सावरून देणारा सीनियर नसतो. जर्नल कसं लिहायचं, कोणता परीक्षक काय विचारतो, कोणतं साहित्य कुठून स्वस्त घ्यायचं, हे सगळं ज्ञान जुन्या कॉलेजात वरच्या वर्गाकडून आपोआप झिरपतं. इथे ते मुळातच नसतं.

---

वैनगंगा

माझा दोन नंबरच्या प्रश्नावर भर. इमारत पाहूच नका. ती तपासणीसाठी बांधलेली असते.

शनिवारी जाऊ नका, 'ओपन डे'ला तर नकोच. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी नऊला, न सांगता. थेट ओपीडीच्या केसपेपर खिडकीपाशी जा आणि नुकत्याच फाडलेल्या केसपेपरचा नंबर बघा. मग दुपारी एकला पुन्हा तोच नंबर बघा. वजाबाकी म्हणजे त्या दिवसाचे नवे पेशंट. माहितीपत्रकात 'दररोज ३०० रुग्ण' लिहिलेलं असतं आणि वजाबाकी २२ निघते, असंही होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. एका दिवसात गावात शिबिर असेल तर आकडा फुगतो.

पहिल्या दोन वर्षांत मुलांना पेशंट लागत नाहीत, हे खरं. पहिल्या वर्षाला सामान्य शरीररचनाशास्त्र, शरीरक्रिया-जीवरसायन आणि दातांची रचना. दुसऱ्याला विकृतिशास्त्र-सूक्ष्मजीव, औषधशास्त्र, डेंटल मटेरियल आणि फँटम हेडवरचं (सरावाच्या कृत्रिम डोक्यावरचं) काम. पेशंटच्या तोंडात हात जातो तो तिसऱ्या वर्षापासून. म्हणजे कॉलेजला ओपीडी वाढवायला दोन वर्षं मिळतात. प्रश्न एवढाच की ती *वाढू शकेल* अशा जागी ते आहे का.

इथे गावाचा भूगोल बघायचा. दात काढायला माणूस एकदाच येतो, तो कुठूनही येईल. आरसीटीला दोन-तीन खेपा. पूर्ण कवळीला तर पाच: पहिलं माप, दुसरं माप, चावा घेणं, मेणात बसवून बघणं, आणि शेवटी कवळी देणं. कवळीचे पेशंट सत्तरीतले. हायवेवर गावापासून पंधरा किलोमीटर, एसटीचा थांबा नाही, रिक्षाला दीडशे रुपये, अशा ठिकाणी हे आजी-आजोबा पाच वेळा येतील? येत नाहीत. मग चौथ्या वर्षाची मुलं परीक्षेआधी पेशंटला घरून गाडीने आणतात, स्वतःच्या खिशातून जेवण आणि प्रवास देऊन. तालुक्याच्या गावात, बाजाराच्या जवळ, एसटी स्टँडपासून चालत जाता येईल असं कॉलेज असेल तर ते जुन्या, शहराबाहेरच्या कॉलेजपेक्षा माझ्या यादीत वर.

चेअर मोजायच्या असतील तर नुसत्या मोजू नका. जोडलेल्या आहेत का बघा. प्लॅस्टिकचं वेष्टण अजून अंगावर आहे, पाण्याची लाइन नाही, सक्शन नाही, असल्या चेअर निरीक्षकांसाठी असतात. कॉम्प्रेसर कुठे आहे विचारा. बहुतेक ठिकाणी एक मध्यवर्ती कॉम्प्रेसर असतो, वीज गेली की सगळ्या मजल्याचे एअरोटर (दात कोरायची हवेवर चालणारी यंत्रं) एकदम बंद. जनरेटर कॉम्प्रेसरला जोडलेला आहे की फक्त डीनच्या केबिनला, हा प्रश्न बावळट वाटला तरी विचारा.

---

नोटिसफलक

पसंतीक्रम आणि फी, दोन्हीचं थोडक्यात लिहितो.

महाराष्ट्रात एमबीबीएस आणि बीडीएस एकाच गटात आहेत, एकच अर्ज, एकच पसंतीयादी. जागा गुणवत्तेने मिळते, पसंतीचा नंबर फक्त तुमच्या आतला क्रम ठरवतो. नवं कॉलेज विसाव्या क्रमांकावर टाकलं म्हणून तिथली जागा तुमच्यापेक्षा खालच्या मुलीला 'जास्त पसंती' म्हणून जात नाही. तेव्हा जसं खरंच हवं तसंच क्रमाने लिहा, डावपेच नकोत.

फेऱ्यांचं मात्र नीट समजून घ्या. पहिल्या फेरीत मिळालेली जागा सोडली तरी पुढे राहता येतं. पुढच्या फेऱ्यांत जागा मिळून न घेण्याची किंमत मोजावी लागते, प्रक्रियेबाहेर जाण्यापर्यंत. म्हणून दुसऱ्या फेरीपासून, जिथे मिळालं तरी जाणारच नाही असं एकही कॉलेज यादीत ठेवू नका. 'भरून तर ठेवू' ही सवय इथे महागात पडते. प्रत्येक फेरीचं माहितीपत्रक वेगळं निघतं, जागांचा तक्ता बदलतो, नवी कॉलेजं घुसतात. पसंती नव्याने भरायची आहे का, ते दर वेळी तपासा. जुनी यादी आपोआप पुढे जाईल असं गृहीत धरून बरेच जण घरी बसतात.

रिटेन्शन फॉर्म: रुजू होताना कॉलेजचा क्लार्क सहज पुढे करतो, "इथे सही करा" म्हणून. तो मिळालेली जागा कायम ठेवण्याचा असतो, भरला की बेटरमेंट (वरची पसंती मिळण्याची संधी) संपली, पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर. नव्या कॉलेजांना जागा भरल्याचं दाखवायची घाई असते, म्हणून तिथे जास्त सावध. पुढे एमबीबीएसची किंवा जुन्या कॉलेजची आशा असेल तर हा फॉर्म भरायचा नाही. उलट बाजू अशी की फॉर्म न भरता वरची पसंती लागली तर आधीची जागा आपोआप जाते, "मला पहिलीच बरी होती" चालत नाही.

आता फी. खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, त्यांच्या संकेतस्थळावर कॉलेजनिहाय मिळते. नव्या कॉलेजच्या खर्चाचे ताळेबंदच अजून नसतात, त्यामुळे पहिल्या वर्षाचा आकडा पुढेही तसाच राहील असं धरून घरचं गणित मांडू नका. वर्षाच्या फीखेरीज पाच वर्षांचे आगाऊ धनादेश मागितले, किंवा पावतीशिवाय 'विकास निधी' मागितला, तर राज्याचा १९८७ चा कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा आहे, आणि प्रवेश-शुल्काचा २०१५ चा कायदाही. पावती नाही तर पैसे नाहीत, एवढं एक वाक्य पुरतं.

चौथा प्रश्न: ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात १०० टक्के सवलत आहे. अट: प्रवेश कॅपमधून. संस्थात्मक कोट्यातल्या जागेला लागू नाही. अभिमत विद्यापीठांनाही नाही. माफ होतं ते शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. वसतिगृह, मेस, अनामत, साहित्य तुमचंच.

नव्या कॉलेजात अडचण येते ती पोर्टलची. महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर) कॉलेज आणि अभ्यासक्रम जोडलेला नसेल तर विद्यार्थ्याला यादीत कॉलेजच दिसत नाही आणि अर्ज भरता येत नाही. रुजू होतानाच शिष्यवृत्ती विभागात विचारा: पोर्टलवर कॉलेजचा कोड आला का? "होईल" हे उत्तर आलं तर तोवर पूर्ण फी भरायला लावणार का, ते लेखी घ्या.

---

हिरडी

> तालुक्याच्या गावात... जुन्या, शहराबाहेरच्या कॉलेजपेक्षा माझ्या यादीत वर

वैनगंगा, सहमत नाही. किमान पूर्ण नाही. पेशंट वाढतात, शिक्षक नाही. तालुक्याच्या गावी एमडीएस झालेला प्रोफेसर राहायला येत नाही. तो पुण्याहून किंवा नागपूरहून आठवड्यातून दोन दिवस येतो, आणि हजेरीपटावर सहा दिवस दिसतो. जुन्या कॉलेजात पेशंट कमी असले तरी शिकवणारा माणूस समोर असतो.

आणि पहिल्या वर्षाचा एक मुद्दा सगळ्यांनी सोडला: शरीररचनाशास्त्र. ज्या संस्थेचं स्वतःचं मेडिकल कॉलेज नाही तिथे विच्छेदनासाठी देह कुठून, हॉल कुठे, शिकवणार कोण? करार असतो दुसऱ्या मेडिकल कॉलेजशी. तो खरोखर चालतो का, बस किती वाजता निघते, आठवड्यातून किती वेळा, हे विचारा. नाहीतर वर्षभर तक्ते आणि प्लॅस्टिकची कवटी. पुढे सातव्या नर्व्हची शाखा कुठून जाते ते पाठ असतं, पण बघितलेलं नसतं. तिसऱ्या वर्षाच्या जनरल मेडिसिन आणि सर्जरीच्या पोस्टिंगलाही हाच प्रश्न. संलग्न रुग्णालय १०० खाटांचं दाखवलेलं असतं, त्यातल्या किती खाटांवर माणूस झोपलेला आहे ते वॉर्डातून चालत जाऊन बघा.

---

वैनगंगा

हिरडी, शिक्षकांचा मुद्दा मान्य. ते ओळखायची युक्ती: प्रत्येक विभागाच्या दारावरची पाटी वाचायची, मग आत जाऊन त्या नावाच्या खुर्चीवर कोण बसलंय ते बघायचं. पाट्या नव्या कोऱ्या आणि खुर्च्या रिकाम्या, तर तुमचंच बरोबर. एकूण शिक्षकांची संख्या विचारू नका, "डेंटल अ‍ॅनाटॉमीचं कार्व्हिंग कोण घेतं?" असं विचारा. पहिल्या वर्षाला तो विभाग सगळ्यात महत्त्वाचा. मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायचं काम शिक्षकाने शेजारी बसून दाखवावं लागतं, व्हिडिओवरून जमत नाही.

बाकी पुण्याहून दोन दिवस येणारा प्रोफेसर जुन्या कॉलेजातही असतो हो. त्याची सवय जुन्यांनीच लावली.

---

दाढदुखी

साहित्याचा खर्च कुणी लिहिला नाही. फीच्या तक्त्यात तो नसतो. पहिल्या वर्षाला अ‍ॅप्रन, हाडांचा संच, मेणाचे ठोकळे, लेक्रॉन कार्व्हर आणि वॅक्स नाइफ, प्लास्टरचे बाऊल-स्पॅट्युला. दुसऱ्या वर्षाला खरा खड्डा पडतो: टायपोडाँट, एअरोटर हँडपीस, बरचे संच, आर्टिक्युलेटर, माप घ्यायचे ट्रे. जुन्या कॉलेजात सीनियरकडून अर्ध्या किमतीत मिळतं. पहिल्या बॅचला सीनियरच नाहीत, सगळं नवं घ्यावं लागतं. कॉलेजने एकाच दुकानदाराकडून 'किट' सक्तीने घ्यायला लावलं तर आतल्या वस्तूंची यादी मागा आणि बाहेर भाव काढा. किटमध्ये एअरोटर हलका निघतो, सहा महिन्यांत बेअरिंग जातं आणि मग दुसरा घ्यावा लागतो. हँडपीस वेगळा आणि चांगला घ्या, बाकी किट चालेल.

---

टेक्ससची काकू

थोडं विषयांतर, पण इकडे मुलांसाठी अर्ज करणारे मराठी पालकही हे वाचत असतील म्हणून. अमेरिकेतही गेल्या काही वर्षांत बरीच नवी डेंटल स्कूलं निघाली: एल पासोला टेक्सस टेकचं २०२१ मध्ये, नॉक्सव्हिलला लिंकन मेमोरियलचं २०२२ मध्ये. पण इथे क्रम उलटा आहे. कोडा ही मानांकन संस्था पहिला विद्यार्थी घ्यायच्या *आधीच* 'प्रारंभिक मानांकन' देते, आणि त्या दर्जावर बाहेर पडलेला विद्यार्थी परवान्याच्या दृष्टीने मानांकित स्कूलचाच धरला जातो. त्यामुळे भारतातला 'मान्यता येईपर्यंत थांबा' हा प्रश्न इथे तसा नसतो. पहिल्या बॅचची नुकसानी वेगळी: परीक्षांचे निकाल आणि स्पेशालिटीला लागलेल्यांची नावं बघायला मिळत नाहीत, आणि खासगी स्कूल नवं असो की जुनं, फी तशीच दांडगी.

भारतातून बीडीएस करून इकडे येणाऱ्यांसाठी: अ‍ॅडव्हान्स्ड स्टँडिंगचे (परदेशी दंतवैद्यांना मधल्या वर्षात प्रवेश देणाऱ्या कार्यक्रमाचे) अर्ज कॅपिड नावाच्या सामाईक पोर्टलवरून जातात. नव्या स्कूलने तो कार्यक्रम सुरूच केलेला नसतो असं बरेचदा होतं, आधी त्यांच्या पानावर खात्री करा. आणि गुणपत्रकं विद्यापीठाने थेट पाठवावी लागतात, कॉलेजचं पत्र चालत नाही.

---

मोलर३६

काकूंच्या मुद्द्याला जोडून. राज्य दंत परिषदेची नोंदणी अनुसूचीतल्या नोंदीवर अवलंबून असते. ऑस्ट्रेलिया वगैरेकडे जायचं तर नोंदणी आणि 'गुड स्टँडिंग'चं (नोंदणी निर्दोष असल्याचं) पत्र लागतं. पहिल्या बॅचची अंतिम परीक्षा झाली, निरीक्षक येऊन गेले, पण अधिसूचना सहा महिने रखडली, तर नोंदणीही रखडते. पदवी सुरक्षित, पण हातात कागद उशिरा. परदेशाचे अर्ज तारखांवर चालतात, म्हणून पहिल्या बॅचने मध्ये एक वर्ष मोकळं धरूनच आखणी करावी.

२०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत झालाय, जुन्या १९४८ च्या कायद्याच्या जागी येणारा. त्यात 'नॅशनल एक्झिट टेस्ट (डेंटल)' आहे: परवान्यासाठी आणि पीजी प्रवेशासाठी एकच परीक्षा. यंदा प्रवेश घेणाऱ्यांनी ती आपल्याला लागू होईल असं समजून चालावं. तेव्हा शिकवणी बरी असणारं कॉलेज निवडण्याचं कारण आणखी एक वाढलं.

---

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. बुधवारी सकाळी न सांगता जाऊन आलो. केसपेपरची वजाबाकी ४१. चेअर जोडलेल्या, कॉम्प्रेसर जनरेटरवर आहे (विचारल्यावर तंत्रज्ञ खूश झाला, खाली नेऊन दाखवला). संस्थेचं स्वतःचं मेडिकल कॉलेज नाही, विच्छेदनाचा करार आहे, आठवड्यातून दोनदा बस. कार्व्हिंगला एक मॅडम होत्या, जागेवर. तास सुरू होण्याची तारीख मात्र "शेवटची फेरी झाल्यावर" एवढीच सांगितली. महाडीबीटीचा कोड अजून आलेला नाही.

भाचीला एमडीएस करायचंच आहे. काय करावं? आणि रुजू व्हायचं झालं तर डीडी कोणाच्या नावाने, कागद काय?

---

दाढदुखी

एमडीएस नक्की असेल तर 'शेवटची फेरी झाल्यावर' हे उत्तर मला पुरत नाही. चालू असलेल्या जुन्या कॉलेजांपैकी जी परवडतील ती सगळी वर, आणि हे त्यांच्या खाली ठेवा. यादीतून काढू नका, ४१ ही नव्या कॉलेजसाठी वाईट सुरुवात नाही.

---

नोटिसफलक

दुजोरा. डीडीचं नाव कॉलेजच्या संकेतस्थळावर किंवा प्रवेशाच्या सूचनेत दिलेलं असेल तेच, अक्षर न अक्षर. नव्या संस्थांत ट्रस्टचं खातं आणि कॉलेजचं खातं वेगळं असतं, ट्रस्टच्या नावाचा डीडी नेला की परत बँकेत पाठवतात आणि रुजू व्हायची शेवटची तारीख संध्याकाळी पाचला संपते. आदल्या दिवशी फोन करून नाव लिहून घ्या.

कागद: नीटचं प्रवेशपत्र आणि गुणपत्रक, सीईटी सेलचं निवडपत्र, दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, राष्ट्रीयत्व आणि अधिवास, विहित नमुन्यातला वैद्यकीय दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, चालू वर्षाचं नॉन-क्रीमी लेयर, उत्पन्नाचा दाखला. वैधता नसेल तर ओबीसी जागा टिकत नाही, समितीकडे अर्ज केल्याची पावती पुरेल या भरवशावर जाऊ नका. मूळ कागद कॉलेज ठेवून घेतं, म्हणून प्रत्येकाच्या पाच साक्षांकित प्रती आणि एक स्कॅन आधी करून ठेवा. मूळ कागद जमा केल्याची यादी, सही-शिक्क्यासकट, मागून घ्या. नव्या ऑफिसात तसा छापील नमुना नसतो, तेव्हा तुम्हीच कोऱ्या कागदावर दोन प्रतींत लिहून न्या.